सकाळी थंड असताना गाडी आयडलिंगला (रेस न देता उभी असताना) बंद पडते, दुपारी एकदम ओके. काय करू?

निफाडकर_बागवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ ची १०० सीसी गाडी आहे, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), ६४ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नायतर माझा प्रश्न राहील बाजूला आणि खाली ही चांगली का ती चांगली यावरच पन्नास रिप्लाय पडतील.

तर झालंय असं, की निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, सध्या पहाटे पारा सहा-सातवर येतोय, आणि मला पाचला उठून बागेत जावं लागतं कारण द्राक्षाला थंडीचा दणका बसू नये म्हणून शेकोट्या पेटवायच्या असतात. गाडी चार-पाच किकमध्ये सुरू होते, पण रेस सोडली की धडधड करत खाली येते आणि फुस्स. परत किक. परत फुस्स. मग एका हाताने रेस धरून, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन मी अंधारात उभा. दोन किलोमीटर गेलं की जणू काही झालंच नव्हतं.

दोघांना दाखवून झाली. पहिल्याने प्लग नवीन टाकला, एअर फिल्टर साफ केला, काही फरक नाही. दुसऱ्याने स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून दिलं, तर आता पहाटे बंद पडतेच आणि वर दुपारी रेल्वे गेटला उभं राहिलं तर अशी घोंगावते की लोक वळून बघतात. आणि गॅरेजला नेईपर्यंत ती गरम झालेली असते, त्यामुळे तिथे पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी एकदम शहाणी. कुणाला काही सुचतंय का?

सोलापुरी_चटणी

आमच्या वडिलांची जुनी स्कूटर रोज सकाळी आडवी पाडून, मग उभी करून सुरू व्हायची. करून बघा, निदान व्यायाम होईल 😄

बारातेराचा_पाना

भाऊ, एवढं सगळं लिहिलं पण मेन गोष्ट लिहिलीच नाही. चोक दिल्यावर काय होतं? माझं संगमनेरला छोटं गॅरेज आहे आणि थंडीत अशा गाड्या आठवड्याला दोन-तीन तरी येतात, दहातल्या सहा लोकांना आपल्या गाडीला चोक आहे हेच माहीत नसतं. कार्ब्युरेटरच्या बाजूला छोटी दांडी असते बघ, काही गाड्यांना हँडलवर असते. उद्या पहाटे ती पूर्ण लावून सुरू कर आणि सांग. आणि त्या आयडलिंगच्या स्क्रूला आता हात लावू नको.

निफाडकर_बागवाला

चोक माहितीये दादा, पण खरं सांगतो दोन वर्षात वापरला नव्हता. आज पहाटे लावून बघितला. पूर्ण लावला तर दुसऱ्या किकला सुरू, आणि मस्त चालत राहते. मी म्हटलं सुटलं एकदाचं. पण दांडी खाली केली की लगेच बंद. तीन-चार मिनिटं तशीच चोकवर ठेवली तेव्हा कुठे चोकशिवाय टिकली, ती पण रडतखडत. म्हणजे दुखणं चोकमध्ये आहे का?

बारातेराचा_पाना

नाही, चोक ठणठणीत आहे, उलट त्यानेच रोग दाखवला. ऐक आता. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, निम्मं इंजिनात जाता जाता वाटेतल्या पाइपाच्या भिंतीलाच चिकटून बसतं, म्हणून थंड इंजिनाला जरा जास्त पेट्रोल लागतं. चोक काय करतो तर हवेची वाट अडवतो, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. थोडा वेळ सगळ्याच कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तो लागतो, अर्धा-एक मिनिट, त्यात वावगं काही नाही. पण तुझी चोक काढला की मरते आणि चार-चार मिनिटं रडते, म्हणजे तिला आयडलिंगला मुळातच पेट्रोल कमी पडतंय. गरम झाल्यावर तेवढ्यात भागतं म्हणून दुपारी कळत नाही.

आता पेट्रोल कमी पडायची किंवा हवा जास्त जायची कारणं दोनच मोठी. एक तर स्लो जेट चोंदलाय. आयडलिंगचं सगळं पेट्रोल त्या एका बारीक भोकातून जातं, सुईच्या टोकाएवढंच असतं ते, जरा कचरा अडकला की खेळ संपला. रेस दिल्यावर मेन जेटमधून पेट्रोल येतं म्हणून पळताना गाडी चांगली वाटते. दुसरं म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधे जो मॅनिफोल्ड असतो त्याची ओरिंग, म्हणजे रबराची कडी, कडक होऊन चिरते आणि तिथून चोरून हवा आत जाते. ६४ हजारला दोन्ही होऊ शकतं.

ओरिंग आधी बघ कारण खोलायला काही लागत नाही. गाडी आयडलिंगला ठेव, त्या जोडावर कार्ब्युरेटर क्लिनरचा स्प्रे अगदी थोडा मार. आवाज एकदम बदलला तर हवा तिथूनच जातेय. काही बदललं नाही तर जेट. हे करताना जवळ विडी-काडी नको, आणि तुझं ऐकून भीती वाटते म्हणून सांगतो, शेकोटीजवळ बसून हे उद्योग करू नको.

मग कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, बंद कर, कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो तो सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घे आणि दोन मिनिटं ठेवून बघ. तळाला काय दिसतं ते इथे सांग.

घाटवाला

हे सगळं इथेनॉलमुळे. २० टक्के घातलंय आता. जुन्या गाड्यांची वाट लागली.

बारातेराचा_पाना

घाटवाले, अर्धं बरोबर. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला मिसळलेलं पेट्रोल जास्त द्यावं लागतं, आणि कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो बिचारा जेटच्या भोकाएवढंच देतो. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. त्यामुळे थंडीत जुनी गाडी थोडी कुरकुरणार हे मान्य. पण त्याच पंपाचं पेट्रोल घालून गावातल्या बाकीच्या गाड्या चालतायत ना? सगळं इथेनॉलवर ढकललं की कुणी वाटी खोलून बघतच नाही.

पिंपरी_ते_पनवेल

माझी बीएस६ आहे, एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली, कार्ब्युरेटर नाही), तिला पण सकाळी असंच होतं. मी पण हा स्प्रे मारू का?

बारातेराचा_पाना

तुझ्या गाडीला चोक नाही आणि स्लो जेट पण नाही, तिथे सेन्सर इंजिनाचं तापमान बघून ईसीयूला, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि तो पेट्रोल वाढवतो. तुझ्यात थ्रॉटल बॉडीत (हवा आत जायच्या वाटेत) काजळी, आयडलिंगचा व्हॉल्व्ह किंवा तो सेन्सर बघावा लागेल, स्कॅनर लावून. वेगळा धागा काढ भावा, इथे घोळ होईल.

निफाडकर_बागवाला

दादा, काल रविवार होता म्हणून सगळं करून बघितलं. स्प्रेने आवाजात काडीचा फरक नाही. मग वाटी रिकामी केली आणि बघतच राहिलो. बाटलीच्या तळाला पाण्याचे चार-पाच मणी, इकडून तिकडे पळणारे, आणि त्यात तांबूस भुकटी. मग डोक्यात प्रकाश पडला. अवकाळी पाऊस झाला तेव्हा गाडी आठवडाभर शेडमध्ये होती आणि त्या शेडचा पत्रा बरोबर टाकीवर गळतो. टाकीचं झाकण उघडून रबर बघितला तर दोन ठिकाणी चिरलाय. त्यात मी कायम पन्नास-शंभरचं पेट्रोल टाकणारा माणूस, टाकी बाराही महिने रिकामीच, आतून गंजलीय.

टाकी उतरवून दोनदा पेट्रोलने खंगाळली, कॉकची जाळी साफ केली, झाकणाचा रबर नवीन आणला. कार्ब्युरेटर मात्र चुलतभावाने खोलला, त्याचा हात चालतो त्यात. स्लो जेट उजेडाकडे धरला तर पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. आता तार घालू का?

बारातेराचा_पाना

लोखंडी तार, सुई, टाचणी अजिबात नाही! भोक एकदा मोठं झालं की जेट फेकून द्यायचा. क्लिनर मारून तासभर भिजत ठेव, मग हवेने फुंक. नाहीच निघालं तर जुन्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, ती मऊ असते, ओरखडत नाही. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. आणि तरी समाधान नाही झालं तर नवा जेट घे, फार महाग नसतो.

निफाडकर_बागवाला

झालं!! तांब्याच्या तारेनेच सुटला. आज पहाटे चोक लावला, पहिल्या किकला सुरू, साधारण अर्ध्या मिनिटाने चोक काढला आणि चक्क हात सोडून मफलर बांधत उभा राहिलो. फक्त गरम झाल्यावर आता अजूनच जास्त घोंगावते.

बारातेराचा_पाना

घोंगावणारच, त्या दुसऱ्याने स्क्रू पिळून रोग झाकला होता, तो स्क्रू अजून तसाच आहे ना. दहा किलोमीटर चालवून इंजिन चांगलं गरम कर आणि मग आयडलिंग कमी कर, थंड इंजिनावर सेटिंग कधी करायची नाही. बहुतेक १०० सीसींना १४०० आरपीएमच्या आसपास लागतं, तुझ्याकडे मीटर नसणार, तर कानाने कर, एक-एक ठोका मोजता येईल न येईल इतपत. बाजूला दुसरा छोटा स्क्रू दिसेल, मिक्श्चरचा, त्याला उगाच फिरवू नको. फिरवायचाच झाला तर आधी किती आटे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेव, कारण तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं आणि फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते, इथे भलेभले फसतात.

आणि सवडीने टॅपेट (व्हॉल्व्हची फट) चेक करून घे. ते मात्र थंड इंजिनावरच करतात, म्हणून गाडी आदल्या रात्री गॅरेजला ठेव.

सोलापुरी_चटणी

आता सीरियसली विचारतो. हे वाचून मी पण चोक लावून बघितला. माझी चोकवर अजूनच लवकर बंद पडते आणि मागून काळा धूर मारते 😐

बारातेराचा_पाना

मग तुझं बरोब्बर उलटं आहे, पेट्रोल जास्त होतंय. प्लग काढून रंग बघ, काजळी असेल तर एअर फिल्टर आणि फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवते ती). फोटो टाक. स्कूटर आडवी पाडू नको तेवढं.