मदत हवी आहे: घरच्या नेटवर्कला डोमेन नाव कोणतं द्यावं?

नमस्कार मंडळी. घरात छोटा सर्व्हर, एनएएस (नेटवर्कवरून वापरायचा फाइलसाठा) आणि प्रिंटर आहे. दर वेळी १९२.१६८ पासून आयपी टाकायचा कंटाळा आला, म्हणून स्वतःचा डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) लावतोय. घोडं अडलंय नावावर.

'.लोकल' बाद, ते एमडीएनएससाठी, म्हणजे डीएनएस सर्व्हरशिवाय नेटवर्कवरच नावं शोधायच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. बरीच मशीन ते नाव डीएनएसला न विचारता नेटवर्कभर पुकारत बसतात. '.डेव्ह' तर इंटरनेटवरचं खरं टीएलडी ('.कॉम'सारखा नावाचा शेवटचा भाग), आणि ब्राउझर तिथे एचटीटीपीएसशिवाय पान उघडत नाही. उरले दोन: २०१८ च्या आरएफसी ८३७५ या इंटरनेट मानकातलं 'होम.अर्पा' आणि इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलेलं '.इंटरनल'. पहिलं नियमात चोख, पण घरच्यांना 'अर्पा' टाइप करायला सांगायचं म्हणजे... असो.

खरी गोची सर्टिफिकेटची. या दोन्हींना लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणजे स्वतःचं सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) बनवून प्रत्येक फोनमध्ये टाकणं आलं. त्यापेक्षा खरं डोमेन विकत घेऊन त्याचं सबडोमेन आत वापरावं आणि डीएनएस चॅलेंजने (डीएनएसमध्ये नोंद टाकून डोमेन आपलंच असल्याचं दाखवून) वाइल्डकार्ड, म्हणजे त्या सबडोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट, काढावं, असं वाटतंय. ज्यांनी हे केलंय ते आतल्या आयपींच्या नोंदी बाहेरच्या डीएनएसवर ठेवतात की घरातल्याच? बाहेर ठेवल्या तर राउटरचं रीबाइंडिंग संरक्षण (बाहेरच्या डीएनएसने आतला आयपी सांगितला तर ते उत्तर अडवणारं) आडवं येतं का?