उपचार मोफत झाले तरी दरी उरतेच

काही जण म्हणतात की उपचार सगळ्यांना मोफत केले की आरोग्यातली विषमता आपोआप संपेल. मोफत उपचार हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण तेवढ्याने भागत नाही.

लंडनमधल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे पगारदार, आणि १९४८ पासून सुरू असलेली मोफत आरोग्यसेवा सगळ्यांना सारखीच. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता उलगडला नाही. मला सर्वांत अस्वस्थ करतं ते हे, की फटका फक्त तळाच्यांना नव्हता. श्रेणी जितकी खालची, तितका धोका जास्त.

म्हणून पैसा माणूस आजारी पडण्याआधीच लागला पाहिजे: स्वच्छ पाणी, लसीकरण, हवेशीर घरं, गरोदरपणातला आहार. पण टळलेला आजार कुणाला दिसत नाही, रुग्णालयाची नवी इमारत दिसते, आणि निधी तिकडे वळतो.

शिवाय रोजंदारीवरच्या बाईला रक्तदाबाच्या मोफत गोळ्यांसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागत असेल, तर त्या गोळ्या मोफत कशा? दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवणं, एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देणं, हीसुद्धा गुंतवणूकच आहे. अंदाजपत्रकात मी तिला महागड्या यंत्रांच्या आधी जागा देईन.