मदत हवी आहे: स्टेअर्स, स्टेप्स आणि स्टेअरकेस, कुठं काय वापरायचं?

नमस्कार मंडळी, सोलापुरात मराठी माध्यमाच्या नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्यांच्यासाठी शब्दांची एक शीट करतेय आणि जिन्यापाशी अडकलेय.

ऑक्सफर्ड, केंब्रिज दोन्ही डिक्शनऱ्या बघून झाल्यात. त्यातून एवढं कळलं की स्टेअर्स शक्यतो अनेकवचनीच, म्हणजे द स्टेअर्स आर स्टीप, आणि नुसतं स्टेअर म्हणजे एक पायरी, स्टेअरकेस म्हणजे कठड्यासकट आख्खा जिना, आणि फ्लाइट ऑफ स्टेअर्स म्हणजे एका लँडिंगपासून (म्हणजे जिन्यातली सपाट जागा) दुसऱ्यापर्यंतच्या सलग पायऱ्या. अपस्टेअर्सच्या आधी टू लावत नाहीत हेही मुलांना सांगितलंय, कारण 'वर गेली' म्हणताना गो टू अपस्टेअर्स हमखास लिहितात पोरं.

आता खरी अडचण. घरातल्या जिन्याला स्टेअर्स आणि बाहेरच्या दगडी पायऱ्यांना स्टेप्स असं सगळीकडं दिसतं. मग पंढरपूरला चंद्रभागेच्या घाटावरच्या पायऱ्यांना कुणी स्टेअर्स लिहिलं तर ते चूक धरायचं का, की फक्त कानाला जरा वेगळं लागतं एवढंच? मुलांचे मार्क उगाच कापले जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

ब्रिटिश वापरच सांगा, अमेरिकन नको, आणि व्याकरणातले जड शब्द टाळा प्लीज, मुलांना जसंच्या तसं वाचून दाखवायचंय. आणि अजून एक, अ फ्लाइट ऑफ स्टेअर्स नंतर लीड्स येतं की लीड?