नोहा म्हणजे मनू नव्हे

नीरक्षीर: "बायबलातल्या जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचं नाव मनूवरूनच आलं आणि जलप्रलयाच्या सगळ्या कथा इथूनच जगभर गेल्या" असं सांगणारा लेख काल वाचला. सोडून देणार होतो, पण खाली 'ऊर भरून आला' असे प्रतिसाद बघून राहवलं नाही.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली मूळ गोष्ट वाचा हो एकदा. सकाळी मनू हात धुतोय. ओंजळीत एक मासा येतो आणि म्हणतो, 'बिभृहि मा, पारयिष्यामि त्वा'. मला सांभाळ, मी तुला पार नेईन. कशाला सांभाळायचं? तर लहान असेपर्यंत मासाच माशाला गिळतो. मग मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. पूर येणार एवढं मासा सांगतो. का येणार, ते कुणीच सांगत नाही. कुणाचं पाप नाही, देवाचा कोप नाही. बायबलात देवाला माणसाच्या दुष्टपणाचा वीट आलाय. बाबिलोनच्या अत्राहासिस या काव्यात माणसांच्या गलक्यानं एन्लिल देवाची झोपमोड होते, म्हणून तो पूर धाडतो. तीन गोष्टींचे तीन जीव वेगळे, आणि आपण नावातलं एक अक्षर जुळवून खूश! हिब्रूत तर ते 'नोआख' आहे, विसाव्याशी नातं सांगणारं. त्यात 'म' कुठून आणणार?

शिवाय अत्राहासिसच्या मातीच्या पाट्या इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या. शतपथ त्यानंतर कित्येक शतकांनी.

घनपाठ: लेख माझा आहे, म्हणून उत्तर देतो. पाटीवर कोरली त्या दिवशी गोष्ट जन्मली का? माझे आजोबा घनपाठी, म्हणजे वेद तोंडपाठ म्हणणारे होते. एक स्वर चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. असं जपलेलं वाङ्मय मातीच्या तुकड्यांनी मोजायचं? १८७२ साली जॉर्ज स्मिथनं निनवेची पूरकथेची पाटी लंडनमध्ये वाचून दाखवली, तोवर बायबलवाल्यांनाही आपलीच कथा पहिली वाटत होती. आणि अथर्ववेदाच्या १९व्या कांडात हिमालयाच्या शिखराशेजारी 'नावप्रभ्रंशन' आहे. नाव उतरली ती जागा. ते कसं विसरलात?

नीरक्षीर: विसरलो नाही. ते सूक्त कुष्ठ वनस्पतीचं आहे आणि तिथं 'न अव' असाही पदच्छेद करतात, म्हणजे शब्द असा तोडला की त्यात नाव, होडी, उरतच नाही. ऋग्वेदात मनू पुष्कळदा येतो, पूर नाही. तरी शतपथाच्या आधी इथं तोंडी काहीच नसेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हे मान्य. पण 'असेल' वरून 'जगभर गेली' हे कसं निघतं?

घनपाठ: मग बाबिलोनच्याच गिल्गमेश महाकाव्यात कबुतर, पाकोळी, कावळा आणि बायबलात कावळा, कबुतर, हे कसं जुळलं? तिथं उसनवारी चालते, आपलं नाव आलं की पुरावे मागता.

नीरक्षीर: तिथं पक्षी सोडण्याचा अख्खा प्रसंग जुळतो, म्हणून चालते. मनूकडे एकही पक्षी नाही.

कृष्णाकाठ: तुम्ही दोघं कोरड्यात बसून भांडताय. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. नदीकाठी राहणाऱ्याला पुराची गोष्ट दुसऱ्याकडून आणावी लागत नाही. होडी दारात आली तेव्हा माझी मावशी म्हणाली, "म्हशीला घेता का?" नाही म्हटल्यावर ती उतरेना. नोहानं जनावरं घेतली, हे मला त्या दिवशी कळलं. मनूनं एकही घेतलं नाही, हे मला आजही खटकतं.

वल्हेकरी: मी त्या दिवसांत होडीवर होतो, म्हणून बोलतो. एका म्हशीपायी होडी अर्धा तास थांबली की पुढच्या माळवदावर म्हातारी माणसं भिजत बसतात. शिव्या खाल्ल्या आम्ही. गोष्टीतली होडी तीनशे हात लांब होती, आमच्यात आठ माणसं मावत नव्हती.

कृष्णाकाठ: तुम्हाला कोण दोष देतंय? पण 'एका म्हशीपायी' म्हणू नका. घर चालत होतं तिच्यावर. मावशीनं शेवटी विळ्यानं दावं कापलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि होडीत बसली. पुलापर्यंत मागं वळून बघितलं नाही.

वल्हेकरी: दावं कापलं हे बरं केलं. बांधलेली जनावरं गोठ्यातच फुगलेली बघितलीत मी. तो शब्द मागे घेतो.

मिरजकर: आमच्या आजीच्या तोंडी नूहची, म्हणजे कुराणातल्या नोहाची गोष्ट असायची. कुराणात त्यांचा मुलगा म्हणतो, मी डोंगरावर चढेन, पाण्यापासून वाचेन. बाप हाका मारतो आणि मध्ये लाट येते. जहाज जूदी डोंगराला लागतं, पण आजी तिथवर कधी पोचायचीच नाही. मुलापाशीच थांबायची. बायबलातल्या नोहाचे तिन्ही मुलगे नावेत चढतात. म्हणून उगम एकच म्हणा नाहीतर दहा म्हणा, बुडालेला मुलगा गाळून गोष्ट सांगू नका.

नीरक्षीर: हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत. मनूच्या गोष्टीत तो हातात मावणारा मासा आहे. नोहाला मनू केलं की तोच गळून पडतो. कृष्णाकाठ, महाभारतात आणखी एक आहे: वनपर्वात मासा मनूला सप्तर्षी आणि सगळी बी-बियाणी नावेत घ्यायला सांगतो. जनावरं मात्र तिथंही नाहीत.

कृष्णाकाठ: बियाणं घेतलं, मग पेरणीला बैल कुठून आणले?

घनपाठ: नोहा-मनूची व्युत्पत्ती लेखातून काढतो. 'नावप्रभ्रंशन' राहील. त्या पदच्छेदावर तुम्ही वेगळं लिहा, मी तिथं उत्तर देईन.

वल्हेकरी: मावशींची म्हैस सापडली का?

कृष्णाकाठ: नाही. कापलेलं दावं अजून खुंट्याला आहे. मावशी सोडू देत नाही.