मदत हवी आहे : झेडपी शाळेच्या नव्या खोल्या, आधी निर्लेखन (जुनी खोली सरकारी नोंदीतून रीतसर काढणं) की आधी सातबारा?

नमस्कार मंडळी. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाही, उद्या त्याच कार्यालयात अर्ज घेऊन जायचंय.

शाळा पहिली ते पाचवी, पट ऐंशीच्या घरात, शिक्षक तीन. खोल्याही तीन, पण धड एकच. बाकीच्या दोन लोकल बोर्डाच्या काळातल्या, म्हणजे 1962 साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्याही आधीच्या. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. मधे कधीतरी पुढच्या अंगाला स्लॅबचा व्हरांडा जोडला. त्याच्या बीमचं प्लास्टर सुटलंय, गंजलेल्या सळया फुगून बाहेर आल्यात, बोट लावलं की पापुद्रे हातात येतात. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला पोट आलं तेव्हापासून दोन्ही खोल्यांना कुलूप आहे. तिसरी-चौथी मारुतीच्या सभामंडपात बसते, पाचवी किचन शेडच्या पडवीत. अकराच्या सुमारास खिचडीचा वास सुटला की पाचवीचं गणित संपलं.

आरटीई कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकामागे एक वर्गखोली म्हटलंय, त्याचा हवाला देऊन समग्र शिक्षा या सरकारी शाळा योजनेतून दोन खोल्या मागितल्या. उत्तर आलं, यू-डायसप्रमाणे (शाळा दरवर्षी भरते ती सरकारी माहिती) शिक्षक तीन, खोल्या तीन, गरज दिसत नाही. फॉर्म काढून बघितला तर दोन्ही पडक्या खोल्या 'किरकोळ दुरुस्ती'च्या रकान्यात. वर्षानुवर्षं मागचाच आकडा पुढे ओढलेला.

मग आमदारांकडे गेलो. स्थानिक विकास निधीतून एका खोलीचे पैसे देतो म्हणाले, पत्रही दिलं. तिथे उपअभियंता म्हणतात जागेचा उतारा आणा. उतारा काढला तर शाळेखालचे अकरा गुंठे अजून मूळ दात्याच्या नावावर. त्यांनी जागा तोंडी दिली, गावाने श्रमदानाने भिंती उभ्या केल्या, कागद कोणी केलाच नाही. आज चार वारस. तिघे सही द्यायला तयार आहेत. चौथे पुण्याला असतात आणि समोरून डांबरी रस्ता गेल्यापासून 'बघू' म्हणतायत.

सरपंच म्हणतात, रविवारी जेसीबी लावून पाडूनच टाकू, मग कोण म्हणतो खोल्या आहेत ते बघू. मला हे काही बरोबर वाटत नाही. आधी कशाला हात घालू? आणि आमदार निधी हातचा जाऊ न देता हे होईल का?

प्रतिसाद – जुना_ओव्हरसियर

जेसीबीचं आधी डोक्यातून काढा. खोली जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे. निर्लेखनाच्या मंजुरीशिवाय पाडली तर मुख्याध्यापकांवर बालंट येईल, आणि पाडलेल्या खोलीचा रेकॉर्ड नंतर जुळवताना सगळ्यांचा जीव जाईल. कौलं, सागाचे वासे यांचीही किंमत निघते, त्याचा लिलाव करावा लागतो.

निर्लेखन आणि सातबारा ही कामं दोन वेगळ्या टेबलांवरची आहेत, एकासाठी दुसरं थांबवू नका. निर्लेखनाला समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, चारी बाजूंचे फोटो आणि मालमत्ता नोंदवहीतलं बांधकामाचं वर्ष जोडा. तुमच्या खोल्या बोर्डाच्या काळातल्या, तेव्हा वर्ष सापडणार नाही. अशा वेळी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, लॉगबुक चाळा. तपासणीला आलेले साहेब इमारतीबद्दल दोन ओळी लिहून जायचे. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत बांधकामच्या उपअभियंत्यांकडे जातो, ते पाहणी करून धोकादायक असल्याचा दाखला देतात, मग फाईल वर जिल्हा परिषदेत. दाखल्याची एक प्रत हातात ठेवा, पुढे सगळीकडे तीच लागते.

यू-डायसची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर असते. या वेळी माहिती भरताना दोन्ही खोल्या 'मोठी दुरुस्ती'त टाकायला सांगा आणि केंद्रप्रमुखांना दाखला दाखवा. समग्र शिक्षाचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक याच आकड्यांवरून बनतं. ते चुकलं की वर्ष गेलं.

प्रतिसाद – नऊ_नंबरची_मोट

जागेबद्दल. जमिनीचं दान तोंडी चालत नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्रच लागतं. पण तहसीलच्या अभिलेख कक्षातून या गटाचे सगळे जुने फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) काढा. बऱ्याच गावांत त्या काळी संमतीपत्र घेतलेलं असतं, किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'शाळा' अशी पेन्सिलीतली नोंद असते. तसं काही निघालं तर चौथ्या वारसाशी बोलणं सोपं जातं. त्यांच्याशी वहिवाटीचा वाद घालू नका, एकदा कोर्टात गेलं की तुमची मुलं दहावी होतील. आमच्याकडे खोलीवर आजोबांच्या नावाची पाटी लावायचं कबूल केलं आणि काम झालं. सरळ लाच आहे म्हणा हवं तर, पण पाटीचीच.

त्याऐवजी शाळेसाठी गायरान मागायच्या नादाला लागू नका. गावच्या सामायिक जमिनींबद्दलच्या 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते फार जड झालंय.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. लॉगबुक सापडलं, वाळवीने कडा खाल्ल्यात पण शेरे वाचता येतात. आमदार निधीचं मात्र कळलं नाही. खाजगी नावावरच्या जागेत तो घालताच येत नाही ना?

प्रतिसाद – जुना_ओव्हरसियर

खोलीसाठी नाही. पण तुमची धड खोली आणि तिच्या मागचं अंगण त्याच गटात आहे का, की गावठाणात? शाळेची हद्द दोन्हीकडे पसरलेली असणं अगदी नेहमीचं. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. गावठाणातला तुकडा ग्रामपंचायतीचा निघाला तर पहिली खोली तिथे घ्या, आमदारांचं पत्रही कामी येईल. दुसरी खोली जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मागा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते, त्याच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांच्या तालुकावार यादीत शाळेचं नाव बसलं पाहिजे. नुसतं निवेदन देऊन येऊ नका, यादीत कितवा नंबर लागला ते विचारा.

आणि स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी यासाठी वरती कुठेच मागू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. ग्रामसेवकांना विचारा त्यातलं खात्यावर काय शिल्लक आहे. सरपंचांचा जेसीबी तिथल्या शोषखड्ड्याला लावा.