मदत हवी आहे: घाटात ब्रेक कमी पडले, आता डिस्क आणि पॅड कोणते घेऊ?

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागणं बरोबर नाही.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, माणसं आणि सामान धरून वजन साधारण १४०० किलो. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क (मधून हवा खेळणारी चकती, तिला दोन्हीकडून पॅड धरतात), मागे ड्रम, रिम १५ इंची. गेल्या महिन्यात आम्ही पाच जण एक लांब घाट उतरत होतो. पुढे भरलेला ट्रक, त्यामुळे गाडी तिसऱ्या गिअरवर आणि माझा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. अर्धा घाट उतरल्यावर करपल्यासारखा वास यायला लागला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. सगळा जोर लावला तरी गाडीचा वेग हवा तसा कमी होईना. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि कशीबशी गाडी कडेला घेतली. पुढच्या उजव्या चाकातून धूर येत होता. मागे आई होती. ती एक शब्द बोलली नाही, पण समोरच्या सीटची पाठ तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून ९० च्या पुढे ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं. कमी वेगात काही जाणवत नाही.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, डिस्क वाकल्यात, भोकांच्या आणि खाचांच्या डिस्क टाका, सोबत रेसिंगचे पॅड. दुसऱ्याने मोठ्या डिस्क आणि मोठ्या कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) किट सुचवलं. मला शर्यत लावायची नाही. घरच्यांना घेऊन घाट उतरताना ब्रेकवर भरवसा हवा आहे, बस. काय घेऊ?

प्रतिसाद १
खरेदीच्या आधी एक सांगा, पेडल कडक होतं की खाली जात होतं? तुम्ही 'दगडासारखं' लिहिलंय आणि इंजिन चालू होतं, म्हणजे बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम मिळत होता असं धरतो. मग ब्रेक ऑइल उकळलेलं नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पेडल कडक आणि तरी पकड नाही, याचा अर्थ पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापले होते.

किती तापतात याचा हिशोब करा. १४०० किलोची गाडी १०० च्या वेगावरून पूर्ण थांबवली की साधारण ५४० किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरली तर जवळजवळ ६,८६० किलोज्यूल. म्हणजे १०० वरून तेरा वेळा थांबण्याइतकी उष्णता, आणि मध्ये गार व्हायला उसंत नाही. त्यातली थोडी हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते, पण बाकीची कुठे जायची हे तुमचा गिअर ठरवतो. दुसऱ्या गिअरवर असता तर बराच भार इंजिनने घेतला असता. दोष देत नाही, पण सर्वोत्तम पॅड घेतले तरी हे बदलणार नाही.

प्रतिसाद २
भोकांच्या डिस्कबद्दल मी ठाम आहे: रोजच्या गाडीला नकोत. जुन्या काळी पॅड तापले की त्यातून वायू सुटायचा, त्याला वाट म्हणून भोकं आली. आजच्या पॅडमध्ये तो प्रकार खूपच कमी आहे. भोकं पाडली की उष्णता साठवणारं लोखंड कमी होतं आणि डिस्क वारंवार तापून गार झाली की बारीक तडे नेमके भोकांच्या कडेपासून निघतात. खाचा त्या मानाने बऱ्या, पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड लवकर खातात आणि घूं असा आवाज करतात. चांगल्या ओतीव लोखंडाची, मूळ मापाची, साधी व्हेंटिलेटेड डिस्क घ्या. मधल्या भागाला गंजरोधक लेप असलेली मिळाली तर उत्तम.

मोठ्या किटचं म्हणाल तर आधी १५ इंची रिममध्ये ते बसतंय का बघा. दुसरं, फक्त पुढचे ब्रेक जोरकस केले की पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बिघडतं. आणि एकदाच कचकन थांबायचं असेल तर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागेपर्यंत तुमचे आताचे ब्रेकही चाक धरतात. तिथून पुढे थांबण्याचं अंतर टायर ठरवतो.

प्रतिसाद ३
सगळे डिस्कबद्दल बोलतायत, पण धूर फक्त उजव्या चाकातून का आला? तरंगत्या कॅलिपरची सरकपिन (जिच्यावर कॅलिपर मागे-पुढे सरकतो) अडकली असेल तर त्या बाजूचा पॅड सुटतच नाही. चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा मोजा. शिवाय कडेला थांबलात तेव्हा पाय पेडलवर होता का?

धागाकर्ता
तिघांचे मनापासून आभार. रविवारी चाकं काढली.

डाव्या बाजूला आतला पॅड ६ मिमी, बाहेरचा ६.५. उजव्या बाजूला बाहेरचा ७ आणि आतला जेमतेम ३. खालची सरकपिन हाताने हलेचना. पान्याने फिरवून काढली तर रबरी टोपी फाटलेली, आत तांबूस गंज आणि वाळून घट्ट झालेलं ग्रीस. म्हणजे हे चाक घाटाच्या कितीतरी आधीपासून थोडं थोडं घासतच असणार.

डिस्क मोजताना एक अडचण आली. कडेला न झिजलेली किनार उभी राहते, व्हर्नियर तिच्यावरच टेकतो आणि माप जास्त येतं. मग दोन्ही बाजूंना एकसारखे वॉशर धरून मोजलं आणि त्यांची जाडी वजा केली. २०.३ मिमी. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २० आहे, म्हणजे मर्यादेला जेमतेम टेकल्यात, बदलायलाच हव्यात.

आणि हो, पाय पेडलवर होता. गाडी घरंगळेल या भीतीने पहिली दहा मिनिटं मी तो काढलाच नाही.

आता पॅडचं सांगा. जुन्यांवर 'ईई' लिहिलंय.

प्रतिसाद ३
मग थरथरीचं कारण बहुतेक तो न काढलेला पायच. लालभडक तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की त्या जागी पॅडचा थर चिकटतो. तेवढ्याच भागावर पकड वेगळी होते आणि वेगात स्टेअरिंगला धक्के बसतात. लोक याला डिस्क वाकली म्हणतात, पण खरोखर वाकलेली डिस्क क्वचितच असते. नवी डिस्क बसवताना हबवरचा (डिस्क जिथे टेकून बसते तो भाग) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. तिथे राहिलेला पापुद्रासुद्धा डिस्कला तिरकी बसवतो आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते.

पिनेला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं.

प्रतिसाद १
ती दोन अक्षरं घर्षणाच्या गुणांकाची, म्हणजे पकडीची. पहिलं कमी तापमानाचं, दुसरं जास्त तापमानाचं. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुम्हाला 'एफएफ' पुरेसं आहे. 'एफई' घेऊ नका, तापल्यावर पकड उतरते. ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यावरून ठरतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. युरोपच्या आर ९० नियमाचा शिक्काही बघा. त्यात मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही.

रेसिंगचे पॅड मात्र अजिबात नकोत. ते तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी गार गाडी काढल्यावर पहिल्याच वळणावर मूल आडवं आलं तर तेव्हा पकड हवी ना?

ऑइल किती जुनं? ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ला (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना किमान २३० अंश उत्कलनबिंदू लागतो, पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा १५५. दोन वर्षं झाली असतील तर बदलाच. डॉट ५.१ चालेल, पण नुसतं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

धागाकर्ता
ऑइल चार वर्षं जुनं निघालं.

काम झालं. साध्या, लेप असलेल्या डिस्क, 'एफएफ' पॅड, दोन्ही बाजूंना नव्या पिना आणि टोप्या, डॉट ४. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत दहा वेळा वेग कमी केला, एकदाही पूर्ण न थांबता, मग बराच वेळ ब्रेक न लावता गार होऊ दिले. पहिले दोन-तीन वेळा पकड कमी वाटली, नंतर एकसारखी झाली. थरथर नाही.

काल तोच घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो, ब्रेक लागला तिथे ठाम लावून लगेच सोडत. मध्ये थांबलो तेव्हा गिअरमध्ये ठेवून, चाकामागे दगड लावून पाय काढला. आधी उजव्या चाकाजवळ हात नेला, मग डाव्या. धग दोन्हीकडे सारखी होती.