फेडररचा बॅकहँड सुधारला तो रॅकेटमुळे का?

(बेसलाइन आणि नेटकॉर्ड ही उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं.)

प्रश्न: २०१४पासून टेनिसपटू फेडरर ९० ऐवजी ९७ चौरस इंच जाळीची रॅकेट वापरू लागला. २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या नदालविरुद्धच्या अंतिम सामन्यातला बॅकहँड (हाताची मागची बाजू पुढे ठेवून मारलेला फटका) ही तिचीच करामत का?

बेसलाइन: बरीचशी. नदालचा टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी दिलेला चेंडू) खांद्यापर्यंत उसळायचा, एकहाती बॅकहँडला तिथे जोर मिळत नाही. लहान रॅकेटवर चेंडू फ्रेमला लागून भलतीकडे उडायचा. मोठीत तेवढी चूक खपते.

नेटकॉर्ड: मग २०१५मध्येही रॅकेट तीच होती की! फरक उभं राहण्याच्या जागेचा. मागे न सरता चेंडू वर येतानाच सपाट मारायचा, स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) कमी. पाचव्या सेटमध्ये १-३ वरून सलग पाच गेम असेच काढले. शिवाय आधी सहा महिने विश्रांती होती, गुडघा ताजा.

बेसलाइन: मान्य. तारांची जोडी मात्र जुनीच, उभ्या नॅचरल गटच्या (जनावराच्या आतड्यापासून केलेल्या), आडव्या पॉलिएस्टरच्या.